मुलगा म्हणतो लाल चादर नको! मिशिगन आणि ओहायोचं भांडण नेमकं काय आहे?

विजापूरवेस_आई

नमस्कार. माझा मुलगा ऑगस्टमध्ये एमएस करायला मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला, ॲन आर्बर गावात. ओळखीचे एकजण तिकडं चाललेत म्हणून शेंगा चटणी, कडक भाकरी आणि एक चादर पाठवायचं ठरवलं. चादर घेऊन पण आले, चांगली जाडजूड, लाल रंग आणि त्यात करडी नक्षी. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणतो आई ही सोडून कुठलीपण पाठव, लाल-करडा हा शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा रंग आहे, ही घेऊन मी रूमवर नाही जाऊ शकत. मी म्हटलं अरे पांघरायची चादर आहे ती! तर म्हणे नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्याशी फुटबॉल मॅच असते, सगळं गाव वर्षभर त्याचीच वाट बघतं. कॉलेजच्या मॅचचं एवढं काय असतं हो? आपल्याकडं पण कॉलेजची पोरं खेळतात, भांडतात, दोन दिवसांत विसरतात. पण पोरगा इतकं मनापासून सांगत होता की मला खरंच समजून घ्यायचंय. तिकडं राहून आलेलं कुणी असेल तर सांगा.

होटगीरोडकर

ताई, पोराचं बरोबर आहे, चादर बदलून आणा. मी २००७ ला तिथंच शिकायला गेलो, दोन वर्षं राहिलो, आता परत सोलापुरात.

आधी हे की हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट बॉल हातात घेऊन पळायचं, समोरचे आडवं पाडणार, चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर बॉल त्यांच्याकडं. आणि कॉलेजची मॅच म्हटल्यावर पार्क मैदान डोळ्यासमोर आणू नका. तिथलं स्टेडियम १९२७ चं, बसायची जागा १ लाख ७ हजार ६०१. रस्त्यावरनं बघितलं तर एवढं मोठं वाटतच नाही कारण बराचसा भाग जमीन खणून खाली बसवलाय, गेटातनं आत गेलं की भल्यामोठ्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं होतं, चारी बाजूंनी माणसंच माणसं आणि पार तळाला हिरवं मैदान. १९७५ च्या नोव्हेंबरपासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, घरच्या एकाही मॅचला गर्दी लाखाच्या खाली आलेली नाही.

माझी पहिलीच मॅच १ सप्टेंबर २००७ ची. समोर ॲपलाचियन स्टेट, खालच्या गटातली टीम, आणि मिशिगन देशात पाचव्या नंबरला. शेवटच्या सेकंदांना आमची किक त्यांनी अडवली आणि ३४–३२ नं हरलो. लाखभर माणूस जागच्या जागी गप्प. माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा होते, त्यांनी निळी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नुसते मैदानाकडं बघत बसले, बायको त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत होती. कुणाच्या घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी मला कळलं की यांच्यासाठी हा टाइमपास नाही.

नोव्हेंबरात ओहायोची मॅच भर पावसात झाली, १४–३ हरलो. बाकडी ॲल्युमिनियमची, गारठा हाडात शिरतो. आईनं दिलेली चादर घडी करून खाली घेतली होती, निळीच होती नशिबानं. शेजारच्या बाईंनी हात लावून बघितली, कुठली म्हणून विचारलं, मी सोलापूर सांगितलं आणि अर्धी घडी त्यांच्याकडं सरकवली.

अक्कलकोट_मास्तर

याच्या मुळाशी सीमावाद आहे, आणि आम्हा सीमेवरच्या लोकांना तो लगेच समजतो. १८३५ मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरनं दोन्हीकडचे लोक हत्यारं घेऊन समोरासमोर आले. ओहायो तेव्हा राज्य होतं, मिशिगन अजून राज्य व्हायचं होतं. गोळ्या झाडल्या पण हवेत, मेलं कुणी नाही, मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला, चाकू लागला तेवढंच रक्त सांडलं. ज्यानं मारला त्याचं नाव टू स्टिकनी, म्हणजे खरंच "दोन", थोरल्या भावाचं नाव "एक"! शेवटी दिल्लीवाल्यांनी करावी तशी तडजोड वॉशिंग्टननं केली, टोलेडो ओहायोला आणि वरचं लांबचं जंगल मिशिगनला. मिशिगनचे लोक तेव्हा लय चिडले, मग त्याच जंगलात तांबं आणि लोखंड निघालं. मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला तो दिवस २६ जानेवारी १८३७.

पेठेतला_कोल्हापूरकर

मास्तर, मान राखून सांगतो, टोलेडो ही मागची पार्श्वभूमी झाली. दोन्ही टीम पहिल्यांदा भिडल्या १८९७ ला, म्हणजे ६२ वर्षांनी, आणि मिशिगननं ३४–० मारलं. तेव्हा त्यांना ओहायोचं काही विशेष नव्हतं. १९०१ ला कोच फील्डिंग योस्ट आले आणि त्या वर्षी मिशिगननं ५५० पॉइंट केले, समोरच्यांना एकपण दिला नाही, पहिल्या रोझ बोलमध्ये, म्हणजे सीझन संपल्यावरच्या मानाच्या मॅचमध्ये, स्टॅनफर्डला ४९–० हरवलं. अशी टीम शेजाऱ्याची कशाला फिकीर करेल?

माझं बालपण कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद व्हायची, त्यामुळं सांगतो, खुन्नस जमिनीवरनं सुरू होत असेल पण टिकते ती माणसांमुळं. इथं ती माणसं म्हणजे ओहायो स्टेटचा कोच वुडी हेज आणि मिशिगनचा कोच बो शेंबेक्लर. बो हा वुडीचा चेला, कॉलेजात त्याच्या हाताखाली खेळला, नंतर ओहायो स्टेटमध्ये त्याचाच असिस्टंट. १९६८ ला वुडीच्या ओहायोनं मिशिगनला ५०–१४ धुतलं आणि पुढच्याच सीझनला मिशिगननं कोच आणला कुणाला, तर बो ला! १९६९ ला ओहायो सलग २२ मॅच जिंकून ॲन आर्बरला आलं, देशात एक नंबर, आणि चेल्यानं वस्तादाला २४–१२ नं पाडलं. पुढं १९७८ पर्यंत दहा वर्षं दोघं दरवर्षी भिडले, ५ बो, ४ वुडी, १ ड्रॉ. तो १९७३ चा १०–१० ड्रॉ जुनी माणसं अजून विसरली नाहीत, कारण रोझ बोलला कोण जाणार हे मतदानानं ठरवलं आणि मत पडलं ओहायोला. मैदानावर न हरता बाहेर बसायचं! वुडी तर मिशिगनचं नावसुद्धा घ्यायचा नाही, "ते वरचं राज्य" म्हणायचा. आजही मॅचच्या आठवड्यात ओहायोच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या एम अक्षरावर काट मारतात.

बो वारला १७ नोव्हेंबर २००६ ला. दुसऱ्या दिवशी एक नंबर विरुद्ध दोन नंबर अशी मॅच होती, ओहायो ४२–३९ नं जिंकलं. वस्ताद-चेल्याचं नातं ज्याला कळतं त्याला हे वाचून गलबलतं.

होटगीरोडकर

@पेठेतला_कोल्हापूरकर भारी लिहिलंत. १९५० ची बर्फातली मॅच राहिली की. मैदानाच्या रेषापण दिसत नव्हत्या, दोन्हीकडनं मिळून ४५ वेळा बॉल लाथेनं परत पाठवला, मिशिगनला पूर्ण मॅचमध्ये ते १० यार्ड एकदापण जमले नाहीत आणि तरी ९–३ जिंकले, समोरच्यांच्या किका अडवून.

नवीपेठ_वाचनालय

भांडणाचं झालं, एक वेगळी गोष्ट सांगते. १९३४ ला जॉर्जिया टेकची टीम ॲन आर्बरला आली आणि त्यांची अट होती की काळ्या खेळाडूसमोर आम्ही उतरणार नाही. मिशिगनकडं विलिस वॉर्ड होता, उत्तम खेळाडू. युनिव्हर्सिटीनं अट मानली, त्याला बाहेर बसवलं. त्याचा टीममधला दोस्त जेराल्ड फोर्ड यानं बराच विचार केला की आपणपण खेळू नये, शेवटी खेळला. मिशिगन ९–२ जिंकलं, त्या सीझनमधला तो एकच विजय. हाच फोर्ड १९७४ ला अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि १९९९ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला त्यात वॉर्डची आठवण काढली. ६५ वर्षं मनात राहिलेलं असणार. ताई, मुलाला ही पण गोष्ट सांगा, त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात हेपण येतं.

विजापूरवेस_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री त्याला कॉल करून वुडी आणि बो ची गोष्ट सांगितली, तो थक्कच झाला, म्हणे आई तुला हे कुणी सांगितलं. वॉर्डची गोष्ट त्याला माहीत नव्हती, गप्प झाला, मग म्हणाला वाचतो मी.

आज दुकानात गेले होते. लाल चादर त्यांनी काही न बोलता परत घेतली. निळी पाहिजे म्हटलं तर सात-आठ काढून दाखवल्या, त्यात एक गडद निळी आणि काठाला पिवळे पट्टे, अगदी त्याच्या टीमचा रंग, तीच घेतली. मॅच आपल्याकडं रात्री साडेदहाला चालू होईल म्हणतो. होटगीरोडकर दादा, ती इथनं कशी बघायची तेवढं सांगा.