मदत हवी आहे : आठ लिटरच्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये बारा जणांचा मसालेभात

एक किलो आंबेमोहर, अर्धा किलो तोंडली, पाव किलो मटार. भांडं अर्ध्याच्या वर भरत नाही. भात-डाळीला तीच मर्यादा, नाहीतर फेस वाफेच्या झडपेत जातो. फोडणी सॉटे मोडवर (झाकण उघडं ठेवून परतायची सोय), मग अर्धी वाटी गरम पाणी घालून तळ लाकडी उलथण्याने खरवडून घेते. गोडा मसाला तळाशी राहिला की हमखास लागतो, म्हणून तो वरून पसरते, ढवळत नाही. पाच वाट्या तांदळाला सहा वाट्या उकळतं पाणी, हाय प्रेशर पाच मिनिटं, दहा मिनिटांनी उरलेली वाफ सोडते.

तरी तळाचा भात गिचका आणि वरचा थर फडफडीत, किंचित कच्चा. निम्म्या मापात मात्र अगदी छान होतो. मोठ्या मापात प्रेशर यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तळ शिजतच राहतो, असं मला वाटतं.

अशा वेळी पाणी कमी करावं की मिनिटं? तांदूळ तुपावर परतून घेतल्याने फरक पडतो का? की दोन घाण्यांशिवाय इलाज नाही? नेहमी एवढं माप करणाऱ्यांनी आपलं तांदूळ-पाण्याचं प्रमाण नक्की सांगा. तांदूळ बदलायचा नाही, आंबेमोहरच हवा.