‘कार्मिला’: भाषा खिळवते, कथानक मात्र गळतं. रूपांतरात डागडुजी किती करावी?

निळीशाई

शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ ही व्हॅम्पायरची लघुकादंबरी 14 ते 18 वयाच्या वाचकांसाठी मराठीत संक्षिप्त करून आणायची आहे. मूळ लघुकादंबरी 1871-72 मध्ये मासिकातून क्रमशः आली, 1872 मध्ये पुस्तकात. लेखक 1873 मध्ये वारले, त्यामुळे हक्कांची अडचण नाही. मूळ मजकूर साधारण 27-28 हजार शब्दांचा आहे, तो 15 हजारांत बसवायचा आहे.

भाषेबद्दल शंकाच नाही. एकोणीस वर्षांची लॉरा, ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातली एकाकी गढी, चांदण्यात उलटलेली घोडागाडी, आणि त्या गाडीतून आलेल्या मुलीबद्दल लॉराला एकाच वेळी वाटणारी ओढ आणि किळस. हे आजही अंगावर येतं. पण कच्चा खर्डा वाचणारी मुलं सरळ विचारतात:

त्या गाडीतल्या नाव-पत्ता न सांगणाऱ्या बाईची मुलगी, म्हणजे कार्मिला, लॉराचे वडील तीन महिने घरी ठेवून घेतात, हे कसं?
1698 सालच्या तसबिरीत हुबेहूब कार्मिला आहे, गळ्यावरच्या तिळासकट. मग कोणालाच संशय का येत नाही?
आतून बंद खोलीतून ती नाहीशी होते ती कुठून?
ती दिवसा बागेत फिरते, मग व्हॅम्पायर कसली?
आणि तिची ती ‘आई’ नक्की कोण?

खुलासे घातले तर लॉराचा सूर बिघडतो. नाही घातले तर मुलं पुस्तक मिटतात. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

पारंबी

खुलासे लिहायला घेण्याआधी मूळ मजकूर पुन्हा उघडा. तुमच्या पाचपैकी निदान तीन प्रश्नांची उत्तरं ले फानूने दिलेली आहेत. फक्त ती घटनेत नाहीत. वर्णनात आणि जाता जाता बोललेल्या एखाद्या वाक्यात आहेत, आणि संक्षेप करताना कात्री नेमकी तिथेच चालते. या कथेत सुंदर वाक्यं सजावटीची नाहीत, कारणमीमांसा त्यांच्याच अंगावर आहे.

वडिलांचंच बघा. पहिल्या प्रकरणात अंतरं दिली आहेत. वस्ती असलेलं जवळचं गाव सात मैलांवर, माणसं राहतात अशी जवळची गढी जवळजवळ वीस मैलांवर, तीही जनरल स्पील्सडॉर्फची. हे भूगोलाचं वर्णन समजून सहज कापलं जातं. पण याच अंतरांमुळे कळतं की लॉराला समवयस्क मैत्रीण मिळणं ही त्या घरातली केवढी मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या प्रकरणात जनरलची पुतणी पाहुणी म्हणून येणार असते, ती वारल्याचं पत्र येतं. लॉरा हिरमुसते. त्याच संध्याकाळी गाडी उलटते, लॉरा वडिलांचा कोट ओढून कानात सांगते, तिला राहू दे ना, आणि वडील त्या बाईला सांगतात की माझ्या मुलीची नुकतीच मोठी निराशा झाली आहे. हेतू इथे पुरता उभा राहतो. अंतर, पत्र, कोट ओढणं आणि वडिलांचं ते वाक्य, या चार गोष्टी मराठीत आल्या तर पहिला प्रश्न येणारच नाही.

त्या पत्रात जनरलने आदरातिथ्याचा घात करणाऱ्या सैतानाचा उल्लेख केलेला आहे. ते वाचल्यावर लगेच अनोळखी मुलीला घरात घेणं विचित्र वाटणारच. त्यावरही उपाय मुळात आहे: पत्र भ्रमिष्टावस्थेत लिहिल्यासारखं दिसतं, असं वडील म्हणतात. हे वाक्य कापू नका आणि लांबवूही नका.

तसबिरीचंही तसंच. ती आहे मिर्काला कार्नस्टाइनची. लॉरा म्हणते, आईकडून मी कार्नस्टाइन घराण्यातली. त्यावर कार्मिला आळसावून म्हणते, मीही बहुधा त्याच घराण्यातली, फार जुनी शाखा. चेहऱ्यातलं साम्य नात्यामुळे, असा अर्थ सगळे लावतात. एवढा एक संवाद गळला की प्रसंग उघडा पडतो.

निळीशाई

@पारंबी, अंतरांचा मुद्दा पटला, ती परत घेते. खोलीचं काय? आणि नियम एकदाच सुरुवातीला, प्रस्तावनेत सांगून टाकले तर?

काटेसावर

प्रस्तावनेत नको. वाचकाला नियम आधी कळला आणि लॉराला नाही, तर पानोपानी लॉरा मूर्ख ठरते. सोळा वर्षांचा वाचक मूर्ख नायिकेला माफ करत नाही.

खोलीच्या प्रसंगात ले फानूने जे केलंय ते शिकण्यासारखं आहे. दार फोडतात, आत कोणी नाही, रात्रभर शोध, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कार्मिला खोलीतच आरशापुढे उभी. मग वडील शांतपणे सांगतात: ही झोपेत चालते. झोपेतच दार उघडलं, किल्ली घेतली, बाहेरून कुलूप लावलं आणि एवढ्या मोठ्या गढीतल्या कुठल्यातरी खोलीत जाऊन पडली. स्पष्टीकरण चुकीचं आहे, पण त्या घरातल्या कोणालाही पटावं असं आहे. किल्ली हा त्याचा कणा आहे. दार फोडण्याच्या वर्णनात ‘आतून कडी’ लिहिलंत तर वडिलांचं स्पष्टीकरण कोसळतं आणि तेही मूर्ख ठरतात. तुमच्या प्रश्नातही ‘आतून बंद’ असं आलंय, म्हणून सांगतो. मराठीत ‘कुलूप’ हाच शब्द ठेवा, कडी-कोयंडा आणू नका.

खरं ती बाहेर कशी पडते? शेवटच्या प्रकरणात निवेदक कबूलच करते की हे व्हॅम्पायर माती न हलवता थडग्यातून रोज कसे ये-जा करतात हे आजवर कोणालाही उलगडलेलं नाही. ही कबुली ठेवा. एक गोष्ट अज्ञात आहे असं कथा स्वतःहून म्हणते, तेव्हा वाचक ती नियम म्हणून स्वीकारतो.

उन्हाचा प्रश्न मुलं सिनेमातून घेऊन येतात. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो हे 1922 च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने रूढ केलं. 1897 चा ड्रॅक्युलासुद्धा दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. तेव्हा खुलासा नको, तिची दिनचर्या दाखवा: दुपारी एकच्या सुमारास खाली येते, कपभर चॉकलेट घेते पण खात काही नाही, थोडं चालली की थकून बाकावर बसते. हे तिच्या पहिल्याच दिवशी आलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या प्रसंगात आलं तर मुलांनी आपला नियम तोवर लावलेला असतो.

नावाचा नियमही तपासा. कार्मिलाला नाव बदलता येतं (तसबिरीत मिर्काला, जनरलकडे मिलार्का), पण अक्षरं तीच राहिली पाहिजेत, एकही कमी-जास्त नाही. देवनागरीत कार्मिला, मिर्काला, मिलार्का असं एका ‘ल’ने लिहिलंत तर क, र, म, ल आणि स्वर तंतोतंत जुळतात. एका नावात ‘ल्ल’ आणि दुसऱ्यात ‘ल’ झालं की कोडं फुटतं. पहिल्या पानापासून एकच लेखन, आणि मुद्रितशोधकालाही तसं लेखी कळवा.

शिवाय एक चूक मुळातच आहे. पहिल्या प्रकरणात लॉरा म्हणते की या घटनेला आठ वर्षं झाली, चौथ्यात म्हणते दहाहून जास्त. क्रमशः लेखनात असं होतं. मराठीत ‘दहाहून जास्त’ घ्या, कारण ‘इतक्या वर्षांनीही लिहिताना हात कापतो’ हे त्याच वाक्यात आहे आणि ते मोलाचं आहे.

गुलबक्षी

वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत. पण ‘आई’ला अजिबात हात लावू नका.

डागडुजीचा मोह कुठे नेतो ते ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर-कादंबऱ्यांच्या मालिकेत दिसतं. पहिल्या भागात (2005) ॲलिस या व्हॅम्पायर मुलीला भविष्य दिसतं, पण ते माणसाच्या निर्णयावर अवलंबून असतं. हा नियम संकटाच्या आधीच येतो, म्हणून निभावतो. दुसऱ्या भागात (2006) तिला नायिका बेलाची कड्यावरून मारलेली उडी दिसते, पण जेकबने तिला पाण्यातून बाहेर काढलेलं दिसत नाही, कारण जेकबसारखे माणूस-लांडगे तिच्या दृष्टीत येत नाहीत. हे कारण आपल्याला उडीनंतर कळतं, आणि पुढचा इटलीचा सगळा भाग त्यावर उभा आहे. बेलाचं एकटेपण, ऑक्टोबर ते जानेवारीची ती कोरी पानं, यांनी वाचक इतका धरून ठेवलेला असतो की पुष्कळांना ते जाणवत नाही. पण ज्याला जाणवतं त्याच्यासाठी पुढचं सगळं डळमळतं. नियम गरज पडण्याआधी यावा, नाहीतर येऊच नये.

‘आई’बद्दल तुम्ही काहीही जोडलंत तरी ते असंच उशिराचं कारण होणार. मुळात ती दोनदा येते. एकदा लॉराच्या दारात, आणि जनरलच्या हकिकतीत, म्हणजे पुतणी कशी गेली हे तो सांगतो तिथे, मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात. दोन्हीकडे पद्धत तीच: घाईचा प्रवास, थोर घराण्याची छाप, नाजूक प्रकृतीची मुलगी, गुप्ततेची अट. ती कोण हे कळत नाही, पण ती काय करते हे दुसऱ्यांदा स्वच्छ कळतं, आणि लॉराला तरी त्याहून जास्त कुठे माहीत आहे? ती स्वतः जे पाहते तेवढंच सांगणारी मुलगी आहे. तिच्या तोंडी सर्वज्ञ खुलासा आला की ज्या आवाजासाठी हे पुस्तक वाचायचं तोच गेला.

गाडीत बसून राहिलेली पगडीवाली काळी स्त्री मात्र काढून टाका. त्या वर्णनात त्या काळचा वर्णद्वेष सरळ दिसतो, आणि पुढे तिचा एकदाही उल्लेख नाही. कथानकातला कुठलाच दुवा तिच्यावर टेकलेला नाही.

निळीशाई

@गुलबक्षी, जनरलची हकिकत हाच माझा सगळ्यात रेंगाळणारा भाग आहे. लॉराच्या बाबतीत जे घडलं तेच पुन्हा. शब्द तिथेच वाचवावेत का?

गुलबक्षी

हो, तिथेच. पुतणीच्या आजाराची लक्षणं दोन-तीन वाक्यांत आटपा, वाचकाने ती लॉराच्या अंगावर पाहिलेली आहेत. नृत्यसमारंभ ठेवा, पण आईच्या बोलण्यापुरता. जनरल तलवार घेऊन शेजारच्या लहान खोलीत लपतो तो प्रसंग पूर्ण ठेवा. पलंगाच्या पायथ्याकडून काहीतरी काळं सरपटत वर येतं, मुलीच्या गळ्याशी फुगतं, तो वार करतो आणि कार्मिला दाराशी उभी असते, अंगावर ओरखडाही नाही. लॉरा झोपलेली असताना काय होत होतं, हे फक्त इथेच बाहेरून दिसतं.

काटेसावर

आणि मध्ये लॉराला बोलू द्या. मुळात ती ऐकता ऐकता स्वतःची लक्षणं ओळखत जाते. संक्षेपात ते सगळं एका परिच्छेदात कोंबू नका. जनरलच्या दर दोन परिच्छेदांमागे तिचं एक वाक्य आलं तरी तीच गोष्ट पुन्हा ऐकतोय असं वाटत नाही. कार्मिलाच्या थडग्याच्या प्रसंगाला मात्र कात्री लावू नका: शिशाची शवपेटी, सात इंच रक्त, मिटलेले नसलेले डोळे. ले फानूने ते चौकशी अहवालासारखं कोरडं लिहिलंय आणि मराठीतही विशेषणं न घालता तसंच यावं.