आवाज गेला की फॉरमॅट मारायचा, हा कुठला इलाज?

खारकरआळी
शेजारच्या धाग्यात एकाने विचारलं की लिनक्स लॅपटॉपचा आवाज अचानक बंद झाला, काय करू? त्यावर जुईनगरवाल्यांचं उत्तर : "डोकं लावत बसू नका, फॉरमॅट मारा, ताजं उबुंटू टाका. तरी नाही आला तर विंडोज. ठाणे स्टेशनबाहेर कोणीही करून देईल." खाली +१ ची रांग. म्हणून हा वेगळा धागा.

बिघाड नेमका कुठे आहे हे बघायचंच नाही आणि थेट डिस्क पुसायची? आधी टर्मिनलमध्ये 'एप्ले डॅश एल' मारा. 'नो साउंडकार्ड्स फाउंड' आलं तर कर्नललाच (लिनक्सच्या गाभ्यालाच) कार्ड दिसत नाहीये, सेटिंगमधले स्लायडर ओढून काही होणार नाही. सुडो लावून (म्हणजे रूटच्या, प्रशासकाच्या अधिकारात) डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालवा आणि त्यात 'एसओएफ' (साउंड ओपन फर्मवेअर) शोधा. फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) लोड होताना 'एरर -२' दिसली म्हणजे फाइलच जागेवर नाही. डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', आर्चवर 'एसओएफ-फर्मवेअर' टाका, रीबूट करा.

कार्ड दिसतंय पण सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट'? मग पाइपवायर किंवा वायरप्लंबर, म्हणजे आवाज इकडून तिकडे पोचवणाऱ्या सर्व्हिस, अडकल्यात. 'सिस्टिमसीटीएल डॅश डॅश युजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर'. इथे सुडो लावायचा नाही, या सर्व्हिस युजरच्या आहेत, रूटच्या नाहीत.

सगळं जागेवर आणि तरी शांतता असेल तर टर्मिनलमधला अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. मास्टर किंवा स्पीकरखाली 'एमएम' असेल तर तो म्यूट आहे, एम दाबा. पाव्ह्यूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये कॉन्फिगरेशन टॅबवर प्रोफाइल एचडीएमआयवर उडी मारून बसलंय का तेही बघा. मॉनिटर लावून काढला की हे होऊ शकतं.

यात फॉरमॅट कुठे बसतो ते सांगा.

जुईनगरवाला
वा, प्रवचन छान. ज्याला अर्ध्या तासात मीटिंगला बसायचंय त्याला हे सगळं वाचून दाखवा.

आणि तुमच्या यादीत नसलेली केस सांगतो. हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकर मुका. कार्ड दिसतं, म्यूट नाही, प्रोफाइल बरोबर. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये स्पीकरच्या आधी वेगळा अँप्लिफायर असतो, सिरसचा सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएएस२७८१. उबुंटू २२.०४ सोबत मुळात आलेल्या ५.१५ कर्नलला हे धड कळतच नाहीत. जन्मभर एम दाबत बसा. २४.०४ टाकलं की कर्नल ६.८ किंवा त्यापुढचा येतो. म्हणजे फॉरमॅटच ना शेवटी?

ऐरोली_रूट
निदान बरोबर, औषध चूक. २२.०४ वरच 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे नव्या कर्नलचं पॅकेज टाकलं की ६.८ मिळतो, होम डिरेक्टरीला हात न लावता. मग डीमेसेजमध्ये अँप्लिफायरचं नाव शोधा. ड्रायव्हर उठतोय पण फर्मवेअर मिळत नाही असं दिसलं तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज जुनं आहे.

आणि ड्युअल बूटवाल्यांनो, विंडोजमधून थेट 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये आलात तर काही मशीनवर कोडेक (आवाजाची चिप) विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहतो. मशीन पूर्ण बंद करा, मग चालू करा. याला कुठलंच पॅकेज लागत नाही.

घणसोली_घुबड
एवढा पसारा कशाला? मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरात एक फाइल, त्यात एक ओळ : 'ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी अंडरस्कोर ड्रायव्हर बरोबर १'. इंटेलचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा भाग) बाजूला, जुना एचडीए ड्रायव्हर चालू, विषय संपला. जाता जाता, साधा आवाज यायला इंटेलची सही असलेलंच फर्मवेअर लागावं यावर कोणालाच काही वाटत नाही का?

खारकरआळी
विषय संपला नाही, माइक संपला! अशा मशीनवर आतला डिजिटल माइक त्या डीएसपीलाच जोडलेला असतो. डीएसपी बायपास केला की स्पीकर बोलतो आणि माइक मरतो. जुईनगरवाल्यांचा मीटिंगवाला आता सगळं ऐकेल, बोलणार काय? साउंडवायरवाल्या (कोडेक नव्या पद्धतीने जोडलेल्या) मशीनवर तर त्या एका ओळीने स्पीकरही जातो. चाचणी म्हणून ठीक, नंतर ती ओळ काढून टाका.

कळवा_स्लो
अवांतर : सगळे सॉफ्टवेअर खणताय, पण आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. हेडफोनच्या जॅकमधली पत्ती गंजते किंवा चिकटते, लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. स्पीकर बंद. यात लिनक्सचा काय दोष?

ऐरोली_रूट
खाडी खाडी करू नका, ऐरोलीलाही खाडीच आहे. जॅकमध्ये निम्म्या वेळा बॅगेतला कापूस असतो. अंदाज कशाला, तपासा : जॅक रिकामा ठेवून 'पीएसीटीएल लिस्ट सिंक्स'. पोर्टच्या यादीत हेडफोन्सपुढे 'अव्हेलेबल' आणि स्पीकरपुढे 'नॉट अव्हेलेबल' दिसलं तर जॅक अडकलाय.

कळवा_स्लो
म्हणजे माझंच खरं. गंजावरचा स्प्रे मारा आत, दोन मिनिटांत मोकळं होतं.

ऐरोली_रूट
अजिबात नको!! तो स्प्रे तेलाचा थर मागे ठेवतो, त्यावर धूळ बसते आणि पत्ती पुन्हा चिकटते. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशला लावायचा, ओतायचा नाही. कानकोरण्याचा कापूस नको, धागे आत राहतात. ब्रश फिरवल्यावर हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, अर्धा तास वाळू द्या.

घणसोली_घुबड
हँड सॅनिटायझर पण अल्कोहोलच की.

ऐरोली_रूट
त्यात पाणी असतं आणि बहुतेकदा ग्लिसरीन किंवा जेल. चिकटलेलं सोडवायचंय, नवीन चिकट भरायचं नाही. मेडिकलमध्ये मिळतो तो ७० टक्केवालाही नको.

कळवा_स्लो
एवढ्या सोवळ्यात ब्रश फिरवूनही पत्ती हलली नाही तर? शेवटी दुकानदार सांगणार "साउंड आयसी गेली, बोर्ड बदला". त्यावर बोला जरा, सगळीकडे हेच ऐकू येतं.

खारकरआळी
बोर्ड बदलायची गरज नाही. अल्सामिक्सरमध्ये 'ऑटो-म्यूट मोड' डिसेबल करा, पाव्ह्यूकंट्रोलमध्ये पोर्ट हाताने स्पीकरवर टाका. पुढे 'अनप्लग्ड' लिहिलं असलं तरी निवडता येतो. कायमचं हवं तर अल्सा-टूल्स-जीयूआय पॅकेजमधलं एचडीए-जॅक-रीटास्क : हेडफोनच्या पिनला 'ओव्हरराइड', मग 'नॉट कनेक्टेड', मग 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड'. तो जॅक मात्र मेला समजा, हेडफोन यूएसबी किंवा ब्लूटूथचा घ्या.

जुईनगरवाला
थोडक्यात ब्रश, अल्कोहोल, जॅक-रीटास्क आणि पीएचडी. फॉरमॅट स्वस्त पडतो.

खारकरआळी
जॅक अडकला असेल तर फॉरमॅटनंतरही अडकलेलाच राहणार ना. निदान पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून (डिस्कवर काहीही न टाकता) आवाज येतो का ते तरी बघा. आला तर घोळ तुमच्या सेटिंगमध्ये, वायरप्लंबरची लक्षात ठेवलेली स्थिती पुसा : होममधल्या 'डॉट लोकल'मध्ये 'स्टेट', त्यात 'वायरप्लंबर' फोल्डर. तिथेही नाही आला तर तेच उबुंटू पुन्हा टाकून काय मिळणार?

जुईनगरवाला
बरं बाबा. फॉरमॅटच्या *आधी* लाइव्ह यूएसबी, एवढी दुरुस्ती माझ्या सल्ल्यात करतो. बाकी २२.०४ चा मूळ कर्नल धरून बसणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे. आणि स्प्रेवाल्यांना कोणीतरी आवरा.

घणसोली_घुबड
फर्मवेअरच्या प्रश्नावर सगळे सोयीस्कर गप्प. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री, म्हणजे मुक्त नसलेलं, फर्मवेअर आलं.

खारकरआळी
म्हणूनच डेबियन १२ टाकणाऱ्या बऱ्याच जणांचा आवाज पहिल्या बूटला येतो. पुढचं भांडण वेगळ्या धाग्यात घ्या, इथे अजून कोणीतरी 'एमएम' शोधत असेल.