गीझर, सोलर, बंब : स्वतः खोलून बसलेल्यांनी अनुभव लिहा

मागच्या रविवारी आमचा १५ लिटरचा गीझर मी स्वतः खोलला. बोअरचं पाणी, सहा वर्षांत एकदाही साफ केलेला नाही, पाणी कोमट आणि आतून आधण आल्यासारखा आवाज. मेन बंद केला, पाणी गार होऊ दिलं, इनलेटचा कॉक बंद केला, बादली लावली आणि गरम नळ सोडून टाकी रिकामी व्हायची वाट बघत बसलो. थेंब नाही! मग ट्यूब पेटली, गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरपर्यंत गेलेली असते, खालून गार पाण्याने ढकललं तरच ते बाहेर येतं. थंड बाजूचा पाइप काढला, तर थोडं गुळगुळ करून परत बंद, कारण आत हवा जायला जागाच नाही. गरम बाजूचा पण काढला तेव्हा कुठे धो धो. खालची प्लेट काढली तर आतून दोन वाट्या पांढरा चुरा निघाला, एलिमेंट चुन्याने माखलेलं, आणि मॅग्नेशियमची कांडी झिजून नुसती तार उरलेली (ती झिजण्यासाठीच असते, टाकीऐवजी ती गंजते). एलिमेंट रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात. कंजूषपणा करून जुनंच गॅस्केट बसवलं, ते ठिबकलं, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तुमचेही उद्योग लिहा, फसलेले आधी.

नाशिककर
आमचं सोसायटीचं सोलर. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी पाणी गार, सगळ्यांनी मिळून सोलरवाल्याला शिव्या घातल्या. मी आणि शेजारचे काका गच्चीवर गेलो, सगळ्या ट्यूब तपासल्या, बुडाशी चंदेरी आरसा असतो तो पांढरा पडला की त्या ट्यूबची व्हॅक्यूम (काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी) गेली समजायचं. दोनच गेलेल्या. दोन ट्यूबनी एवढं होत नाही. शेवटी सापडलं काय, तर एका फ्लॅटमध्ये गरम-गार मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पुढे हँड शॉवर बटणाने बंद. गारचं प्रेशर जास्त, त्यामुळे रात्रभर गार पाणी गरमच्या लाइनमध्ये उलटं जात होतं. प्रत्येक फ्लॅटला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला, संपलं. ट्यूब मात्र सकाळी उन्हं यायच्या आत बदला. काकांनी दुपारी बाराला रिकामी तापलेली ट्यूब बसवून गार पाणी सोडलं, फटाक्यासारखी फुटली.

वायरमनची मुलगी
गीझर खोलणाऱ्यांनो, टाकी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नका, एलिमेंट कोरडं जळतं. आणि अर्थिंग! बाबांचं म्हणणं, आधी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा मग पाना हातात घ्या.

चिपळूणचा
आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, करवंट्यांवर चालतो. एकदा मी पाणी न भरताच पेटवला. मधल्या नळकांड्याचा डाग (धातूचा सांधा) सुटला. मी हुशारी करून एम-सील लावलं, ते दुसऱ्या दिवशी जळून कोळसा, सगळं पाणी निखाऱ्यांवर, न्हाणीघरभर राख. तांबटाने बघितलं आणि आधी माझ्याकडेच बघत राहिला, मग डाग दिला. आजी अजून पाहुण्यांना सांगते.

मँचेस्टरहून
इकडे बॉयलर आणि रेडिएटर (खोल्या गरम ठेवायला भिंतीवर गरम पाण्याचे पत्रे). रेडिएटर खाली गरम वर गार म्हणजे आत हवा, वर गरम खाली गार म्हणजे गाळ. छोट्या किल्लीने हवा सोडायची, हिस्स होऊन पाणी आलं की बंद, हे कुणीही करू शकतं. पण मी हीटिंग चालू ठेवूनच किल्ली फिरवली आणि काळंकुट्ट पाणी नवीन कार्पेटवर उडालं. शिवाय हवा सोडली की प्रेशर उतरतं, ते फिलिंग लूपने (नळाचं पाणी आत भरायची जोडनळी) परत १ ते १.५ बारवर आणायचं राहिलं, सकाळी बॉयलर ठप्प, बाहेर बर्फ. बॉयलरच्या गॅसला हात लावायचा नाही, इथे ते काम फक्त ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेलेच करतात.

नाशिककर
गॅसवरून आठवलं. बाथरूममध्ये गॅस गीझर बसवून थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा चिकटवणारे आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हो. मी स्वतः जाऊन दोन्ही पुठ्ठे फाडून आलो, एक घर अजून बोलत नाही.

धागाकर्ता
@वायरमनची मुलगी, आरसीसीबी काल लावला. लावल्या लावल्या ट्रिप झाला. एलिमेंट गेलेलं निघालं, म्हणजे रविवारी परत बादली.