करन्सी बिल्डिंग: पाडता पाडता वाचलेली

कोलकात्याच्या करन्सी बिल्डिंगबद्दल 'सरकारनं वारसा छान जपला' असं कुणीतरी म्हटलेलं वाचलं, म्हणून थोडी भर घालतो. डलहौसी चौकातली (आताची बिनय-बादल-दिनेश बाग) ही इमारत मुळात सरकारी नव्हतीच. १८३३ ची, आग्रा बँकेची. १८६८ पासून तिथे सरकारी चलनाचं कार्यालय आलं आणि नाव तेच चिकटलं. १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली तीही याच वास्तूत. दोनेक वर्षं तिथे होती.

आता जपण्याचं म्हणाल, तर १९९६ च्या सुमारास केंद्राच्या बांधकाम खात्यानंच ती पाडायला घेतली होती! मधल्या दालनावरचे घुमट तेव्हाच गेले. इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि महापालिका मध्ये पडल्या म्हणून बाकीचं वाचलं. पुढे पुरातत्त्व खात्यानं डागडुजी केली आणि जानेवारी २०२० मध्ये संग्रहालय म्हणून ती खुली झाली.

आत मधोमध उघडं अंगण आहे, भोवती विटांच्या कमानी. नवख्याला वाटतं, चौसोपी वाड्यासारखा चौक मुद्दाम ठेवलाय. खरं तर ती पाडलेल्या घुमटांची जागा. तिथे नकली घुमट चढवला नाही, हे मात्र उत्तम केलं.