डिसेंबरची सुट्टी आणि हलवा

बरेच जण म्हणतात की ३१ डिसेंबर आपला नाही, आपलं नवं वर्ष गुढीपाडव्यालाच. पाडवा मलाही प्रिय आहे. पण आमच्या घरी डिसेंबरचा शेवटचा आठवडा कधी परका वाटला नाही, कारण नाताळच्या सुट्टीत आई संक्रांतीचा हलवा, म्हणजे साखरेच्या पाकाचे काटे आणलेले तीळ, करायला बसायची.

शेगडीत मंद निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. सुकलं की पुन्हा पाक. पहिल्या दिवशी नुसते पांढुरके तीळ दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठे काटा धरायला लागतो. पाक जास्त पडला की सगळ्याचा गोळा! हवा कोरडी आणि थंड लागते, म्हणून हे काम याच दिवसांतलं.

शिवाय दिवस मोठा व्हायला लागतो तो २१-२२ डिसेंबरनंतरच. संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला येते ती निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेल्या, गणनेमुळे, आणि साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तेव्हा नव्या सुरुवातीसाठी हा आठवडा मला अगदी योग्य वाटतो.

यंदा लेकीला शेजारी घेऊन बसलेय. शेगडी नाही, गॅसवर तवा आणि त्यावर आईचीच परात. भाचीच्या बोरन्हाणाला निदान मुकुट तरी घरच्या हलव्याचा करायचाय. आज दुसरा दिवस, काटा अजून आलेला नाही.