कॅसेटच्या डबीला नेमकं काय म्हणतात? आणि आतल्या कागदाला?

भजनी_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी घरात खोकंभर आहेत, सगळ्या घरीच भरलेल्या, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला आवाजपण आहे त्यात. आता एकेक लावून कॉम्प्युटरवर घेणं चालू केलंय आणि सोबत वहीत यादी पण करतोय. पण बऱ्याच डब्या तडकल्यात, बिजागरीचे कान तुटलेत, त्या बदलायच्यात. मंगळवार पेठेत "टेपची केस आहे का" विचारलं तर दुकानदाराने शिंप्याची मोजायची टेप समोर ठेवली. ऑनलाइन शोधलालो तर मोबाइलचे कव्हर येतात. तर डबीला खरा शब्द काय, आत जो घडीचा कागद असतो ज्यावर आजोबांनी अभंगांची नावं लिहिलीत त्याला काय म्हणायचं, आणि नुसत्या प्लास्टिकच्या कॅसेटला वेगळा शब्द आहे का? यादीत रकाने पाडायचेत म्हणून विचारतोय.

रेडिओ_दुरुस्ती
दादा, घोटाळा "टेप" या शब्दाचा आहे. आपल्याकडे टेप म्हटलं की अख्खं मशीन. "टेप लाव की जरा" म्हणजे टेपरेकॉर्डर लाव, हेच सगळे म्हणायचे, मागावर काम करणारेसुद्धा. त्यामुळे जुन्या माणसाला टेपची केस म्हणालात तर त्याला मशीनचं पट्टा असलेलं चामडी कव्हर आठवेल. दुकानात "कॅसेटची रिकामी डबी" म्हणा, लगेच कळतं. ऑनलाइन घ्यायची असेल तर "नोरेल्को" टाकून शोधा, दोन भागांची, बिजागरीवर उघडणारी जी कडक डबी असते तिला जगभर हेच नाव पडलंय. फिलिप्सने ही कॅसेट १९६३ला बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात दाखवली, लू ऑटन्स म्हणून त्यांचे इंजिनिअर होते त्यांच्या टीमचं काम. पण अमेरिकेत फिल्को नावाची कंपनी आधीच होती, नावं सारखी वाटतात म्हणून तिने फिलिप्सला स्वतःच्या नावाने विकू दिलं नाही, मग तिथे फिलिप्सचा माल नोरेल्को नावाने विकला गेला आणि डबीला तेच चिकटलं. मऊ, दुधी प्लास्टिकची एकसंध डबी पण मिळते, तिला पॉली डबी म्हणतात. ती पडली तरी फुटत नाही, पण तुमच्याकडे लिहिलेला कागद आहे तर मी कडक पारदर्शकच घेईन, बाहेरून वाचता येतं.

इनले_गोळा_करतो
कागदाला आपल्याकडच्या कॅसेटच्या धंद्यात इनले कार्ड किंवा नुसतं इनले म्हणायचे. बाहेरचे लोक जे-कार्ड म्हणतात, कारण घडी करून बाजूने बघितलं तर इंग्रजी जे दिसतो, पुढचं मोठं पान, मग कडेची अरुंद पट्टी आणि मागे छोटी दुमड. मागची बाजूपण पूर्ण झाकणारा असेल तर यू-कार्ड. ती कडेची पट्टी सगळ्यात महत्त्वाची बरं का, कपाटात उभ्या लावल्या की तीच दिसते, लोक तिच्यावरच नाव आणि तारीख लिहायचे. काही जण इनलेला "कव्हर" म्हणतात आणि काही जण डबीला पण कव्हरच म्हणतात, म्हणून यादीत कव्हर शब्द अजिबात वापरू नका, उद्या दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळणार नाही की कागद फाटलाय का डबी फुटलीय. कागद जीर्ण असेल तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा मगच बाहेर ओढा, घडीवरच तुटतो. आणि चिकटपट्टी लावून जोडू नका कृपया, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते.

भजनी_सोलापूर
वा, रकाना एक डबी, रकाना दोन इनले. नुसत्या कॅसेटचं सांगा ना कुणीतरी. आणि साध्या पिशवीत ठेवल्या तर चालतील का, डब्या मिळेपर्यंत?

जुनी_फीत
नुसत्या प्लास्टिकच्या अंगाला शेल म्हणतात. शेल दोन प्रकारचे, पाच स्क्रूचे आणि बिनस्क्रूचे चिकटवलेले. फीत आत गुंतली तर स्क्रूवाला उघडून निस्तरता येतो, म्हणून यादीत तेवढं टिपून ठेवा. आतल्या दोन दातेरी चकत्या म्हणजे हब, आम्ही चक्री म्हणायचो, सुरुवातीला जी रंगीत किंवा पारदर्शक कोरी पट्टी असते ती लीडर, तिच्यावर आवाज भरत नाही. समोर मधोमध तांब्यासारख्या पट्टीवर नमद्याचा बारीक तुकडा असतो तो प्रेशर पॅड, तो फितीला हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत तो गळून पडतो आणि आवाज एकदम बसका येतो, लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच गेलं. गेलेलं नसतं! पॅड बदलला की आजोबांचा आवाज परत स्वच्छ येईल, घाईने काही टाकून देऊ नका.

पिशवीचं विचारलंत, नको. डबीच्या आत दोन खुंट्या असतात बघा, त्या चक्र्यांच्या भोकात बसतात आणि फीत सैल होऊ देत नाहीत, डबीचं खरं काम तेच. पिशवीत चक्र्या फिरतात, फीत लोंबते, मग मशीन ती खाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय ऊन असतं ते सांगायला नको, पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत शेल वाकतो. आतल्या खोलीत, उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, त्यात चुंबक असतो. आणि शेलच्या मागच्या कडेला दोन छोट्या टॅब असतात त्या मोडून टाका, चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वरून भरणार नाही.

सगळ्यात आधी मात्र शेलवर नंबर टाका, तोच नंबर डबीवर आणि इनलेवर. घरात डब्यांची अदलाबदल झालेलीच असते, ऐकून झाली की हाताला येईल त्या डबीत घालायची सवय. इनलेवर लिहिलेले अभंग खरंच त्याच फितीत आहेत का हे ऐकल्याशिवाय धरून चालू नका.

ग्रंथालयवाली
फितीसाठी "ध्वनिफीत" हा शब्द ग्रंथालयात आणि सरकारी कागदांत चालतो, यादीचं शीर्षक "ध्वनिफितींची सूची" दिलं तर पुढे कुठल्या संस्थेला प्रत द्यायची झाली तरी बरं पडेल. आतले रकाने मात्र डबी, इनले, शेल असेच ठेवा, घरच्यांना कळले पाहिजेत. "डबा" लिहू नका, डबा म्हणजे सिनेमाच्या रिळाचा, गोल पत्र्याचा. आणखी एक रकाना घाला, किती मिनिटांची ते. शेलवर सी-६० असेल तर एका बाजूला ३० मिनिटं, सी-९० असेल तर ४५. सी-१२०ची फीत फार पातळ असते, ती पुढेमागे पळवत बसू नका, एकदाच सरळ लावून उतरवून घ्या.

भजनी_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री शेलवर नंबर टाकायला बसतो. पहिल्याच कॅसेटीचा पॅड गळालेला निघाला, @जुनी_फीत, बंद पडलेल्या दुसऱ्या कॅसेटीतला काढून बसवला तर चालतो का?

जुनी_फीत
चालतो की. पट्टीसकट चिमट्याने उचला, नमद्याला बोट लावू नका.